मैदानाच्या चालकाची जबाबदारी : ब्रिटनमधील कायद्याचा इतिहास

खेळाचे मैदान चालवणाऱ्याने तेथे येणाऱ्या माणसाच्या जिवाची किती काळजी घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमध्ये आधी संसदेने नव्हे, तर अपकृत्य कायद्याने, म्हणजे एकाच्या हयगयीमुळे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देवविणाऱ्या न्यायालयीन परंपरेने दिले, आणि ते बराच काळ चालकांच्या पथ्यावर पडले. १९०७ साली सुरू झालेल्या ब्रुकलँड्स या मोटार शर्यतीच्या मैदानावर १९३० मध्ये दोन गाड्यांची टक्कर होऊन एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. ज्यूरीने भरपाई मंजूर केली होती; मात्र अपील न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण तोवरच्या तेवीस वर्षांत असे कधी घडले नव्हते आणि खेळाच्या अंगभूत धोक्याची जोखीम तिकीट काढणारा स्वतःच पत्करतो, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

भारतातील विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जाणारा ‘बोल्टन विरुद्ध स्टोन’ हा खटला याच परंपरेतला. ९ ऑगस्ट १९४७ रोजी मँचेस्टरच्या चीटम हिल भागात क्लबच्या सामन्यात एका फलंदाजाने मारलेला षटकार कुंपणावरून पार होऊन सुमारे शंभर यार्डांवर, आपल्या घरासमोर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका स्त्रीला लागला. जमिनीच्या चढामुळे कुंपणाचा माथा खेळपट्टीपेक्षा सतरा फूट उंच होता आणि त्याआधीच्या तीसेक वर्षांत चेंडू असा रस्त्यावर गेल्याचे प्रसंग सहाच्या आसपास होते. अपील न्यायालयाचा निकाल त्या स्त्रीच्या बाजूने लागला. परंतु १९५१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तत्कालीन सर्वोच्च न्यायपीठाने, तो फिरवला आणि धोका कल्पनेत येण्याजोगा असला तरी इतका अल्प होता की समंजस माणसानेही तो दुर्लक्षिला असता, असे ठरवले. तरीही याच निकालपत्रात लॉर्ड रीड यांनी नोंदवलेला विचार अधिक मोलाचा मानावा लागेल: लक्षणीय धोका निर्माण केल्यावाचून एखाद्या मैदानावर क्रिकेट खेळता येत नसेल, तर तेथे ते खेळूच नये, आणि उपाय करणे अवघड आहे ही सबब तेथे चालू नये.

१९५७ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये जागेच्या ताबेदारावर प्रत्येक वैध अभ्यागताबाबत वाजवी काळजीचे एकसमान कर्तव्य घातले. गर्दीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९४६ मध्ये बोल्टनच्या बर्नडेन पार्क या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरीत ३३ माणसे मेली, चौकशी समितीने मैदानांना परवाना सक्तीचा करण्याची शिफारस केली, आणि ती अंमलात यायला एकोणतीस वर्षे व आणखी एक दुर्घटना लागली. ग्लासगोच्या आयब्रॉक्स या फुटबॉल मैदानावरील तेराव्या क्रमांकाच्या जिन्यावर १९६१ मध्ये दोन प्रेक्षक मृत्युमुखी पडले, १९६७ आणि १९६९ मध्ये तेथेच पुन्हा माणसे जखमी झाली, आणि २ जानेवारी १९७१ रोजी त्याच जिन्यावर ६६ जण दगावले. ब्रुकलँड्सच्या चालकांना ‘असे पूर्वी घडले नव्हते’ हा बचाव मिळाला होता. येथे पूर्वेतिहासच क्लबविरुद्ध पुरावा ठरला, आणि १९७४ मध्ये शेरीफने, म्हणजे स्कॉटलंडच्या स्थानिक न्यायाधीशाने, क्लबला दोषी धरले. पुढच्याच वर्षी क्रीडामैदान सुरक्षा कायदा झाला, ज्यानुसार शासनाने नामनिर्देशित केलेल्या मोठ्या मैदानांना स्थानिक प्राधिकरणाचे सुरक्षा प्रमाणपत्र घेणे बंधनकारक झाले.

ब्रॅडफर्डचे व्हॅली परेड मैदान या यादीत नव्हते, कारण तेथील फुटबॉल क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेथील लाकडी गॅलरीच्या फळ्यांमधील फटींतून वर्षानुवर्षे कचरा खाली पडून साचला होता, इतका की पुढे लागलेल्या आगीनंतर त्यात १९६८ सालचे वर्तमानपत्र सापडले. आणि निष्काळजीपणे टाकलेल्या सिगारेटने आग लागू शकेल असा लेखी इशारा स्थानिक काउंटी परिषदेने क्लबला जुलै १९८४ मध्ये दिलेला होता. ११ मे १९८५ रोजी गॅलरी काही मिनिटांत पेटून ५६ जण मरण पावले. १९८७ मध्ये न्यायालयाने क्लबवर दोन तृतीयांश आणि परिषदेवर एक तृतीयांश दायित्व टाकले. इशारा देणाऱ्यालाही त्यातून सुटका मिळाली नाही, आणि हा निकाल रास्तच म्हटला पाहिजे, कारण धोका ओळखूनही पाठपुरावा न करणे ही हयगयच आहे.

शेफील्डच्या हिल्सबरो या फुटबॉल मैदानाला तर प्रमाणपत्र होते. १९७९ मध्ये दिलेले ते प्रमाणपत्र नंतरच्या बदलांनुसार सुधारलेच गेले नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी लेपिंग्ज लेन बाजूने येणाऱ्या, उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांसाठी केवळ सात फिरती दारे ठेवण्यात आली होती. बाहेर गर्दी तुंबल्यावर पोलिसांनी मोठा दरवाजा उघडला, लोंढा मधल्या कुंपणबंद कप्प्यांत शिरला आणि त्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ जणांचा बळी गेला. दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानंतर अव्वल श्रेणीच्या मैदानांवर प्रत्येकाला आसन देणे सक्तीचे झाले. या दुर्घटनेप्रकरणी फौजदारी शिक्षा एकाच व्यक्तीला झाली: क्लबचे तत्कालीन सचिव व सुरक्षा अधिकारी ग्रॅहम मॅकरेल यांना त्या दारांच्या व्यवस्थेतील हलगर्जीबद्दल २०१९ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, ६,५०० पौंडांचा दंड ठोठावण्यात आला.