बारावीनंतरचा महाविद्यालयीन प्रवेश : अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आनंदाबरोबर धावपळही सुरू होते. गुण चांगले असूनही एखाद्या दाखल्याअभावी प्रवेश हुकावा, ही खेदाची गोष्ट होय. म्हणून प्रवेशासाठी लागणाऱ्या पात्रतेची व कागदपत्रांची माहिती आम्ही येथे संकलित करीत आहोत.

शैक्षणिक पात्रता

जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय त्यांपैकीच एक. प्रथम वर्ष कला शाखेसाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे पुरते. विज्ञान शाखेसाठी मात्र बारावी विज्ञान शाखेतूनच झालेली असावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही तीन वर्षांची पदवी अथवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घेता येते.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षा आवश्यक आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटी, तर वैद्यकीय शिक्षणासाठी नीट द्यावी लागते. बीबीए व बीसीए या अभ्यासक्रमांसाठीही २०२४ पासून सीईटी घेतली जाते. बी. एस्सी. नर्सिंगसाठीही स्वतंत्र सीईटी असून बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय हवेत. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालापूर्वी कित्येक महिने भरावे लागतात, हे पालकांनी विसरू नये.

आवश्यक कागदपत्रे

दहावी व बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्रे आणि बँक खात्याचा तपशील सर्वांनाच लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी अधिवास प्रमाणपत्र, शुल्क सवलतीसाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि शिक्षणात खंड पडला असल्यास तसे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; जुन्या दाखल्यांवर साहजिकच अहमदनगर असे नाव आढळेल.

धर्म व जात यांची नोंद

आपल्या समाजासाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती प्रथम हिंदूंना, १९५६ पासून शिखांना व १९९० पासून बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती व्यक्तींना त्या मिळत नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागास वर्गात केलेला आहे. त्यामुळे अशा कुटुंबातील मुलांनी इतर मागास वर्गाचे जात प्रमाणपत्र, जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र मिळवावे.

काही घरांत दाखल्यावर एक धर्म आणि स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दुसरा, अशी स्थिती असते. यामागे गरिबी व अन्यायाचा मोठा इतिहास आहे, हे आम्ही जाणतो. तथापि श्रद्धेने ख्रिस्ती असताना केवळ आरक्षणासाठी अनुसूचित जातीचा दावा करणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. अशा दाखल्यावर मिळालेला प्रवेश पुढे रद्द होऊ शकतो आणि त्याची झळ मुलांनाच सोसावी लागते. खरी नोंद हाच सुरक्षित मार्ग होय.

इतर मागास वर्गाच्या प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला वा गावातील जन्मनोंद शोधून ठेवावी. पूर्वजांची नावे व गाव जुळविण्यास धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्यांची मदत होऊ शकते. मात्र पुरावा ग्राह्य धरण्याचा निर्णय सक्षम अधिकाऱ्याचाच असतो. चर्चमध्ये अंतोन आणि शाळेत अँथनी, असा नावांतील फरकही अडथळा ठरतो. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती तुलनेने सोपी असते.

सवलती

अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांत त्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. त्यासाठी दाखल्यावरील 'ख्रिस्ती' ही नोंद उपयोगी पडते. शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे.

दाखले मिळण्यास महिने लागतात; म्हणून अकरावीतच तयारीस लागावे. प्रत्येक धर्मग्रामातील शिक्षक व सुशिक्षित तरुणांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर बसून मुलांची कागदपत्रे तपासून द्यावीत, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढणार आहे, त्या घराला या एका तासाचे मोल फार मोठे वाटेल.