काशीचे मराठी वाडे आणि त्यांतली वटवाघळे

काशीतल्या मराठी वास्तूंचा विषय निघाला की आपण बांधणाऱ्यांची नावे घेतो. दशाश्वमेध घाटाची बांधणी १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाली. विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभे केले. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, बायजाबाई शिंद्यांचा घाट आहे. आज मात्र आपण या घाटांवरच्या जुन्या वाड्यांत नंतर राहायला आलेल्यांबद्दल बोलणार आहोत, म्हणजे वटवाघळांबद्दल.

वटवाघूळ घरात शिरले की घर उजाड होते, असा समज आपल्याकडे जुना आहे. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. आधी घर उजाड होते, मग वटवाघूळ येते.

काशीतले हे वाडे कसे चालत होते ते आठवा. यात्रेकरूंची सोय, अन्नछत्र, काशीवासाला आलेल्या विधवा, वेदपाठी ब्राह्मण, या सगळ्यांचा खर्च पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर इथून येई. १८१८ मध्ये पेशवाई गेली. बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्याच पदरी मोरोपंत तांबे होते, आणि त्यांची मुलगी मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, काशीतच जन्मली. म्हणजे सत्ता गेली तरी काशीतली मराठी वस्ती काही काळ गजबजलेली होती. पण पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १९४८ मध्ये इंदूर-ग्वाल्हेरची संस्थानेही विलीन झाली. खर्चाला हात आखडता घ्यावा लागला की वाड्यातल्या मागच्या खोल्यांना कुलपे लागतात. चूल थांबते, धूर थांबतो, संध्याकाळचा दिवा लागत नाही.

वटवाघळाला नेमके हेच हवे असते. ते घरटे बांधत नाही, लाकूड कुरतडत नाही, भिंत पोखरत नाही. अंधार, शांतता आणि फारसे न बदलणारे तापमान एवढीच त्याची गरज. चुनारच्या दगडाच्या जाड भिंती, उंच छत आणि दगडांमधल्या फटी ही गरज उत्तम भागवतात.

अशा इमारतींशी वटवाघळांचे नाते जगभर इतके जुने आहे की एका जातकुळीचे नावच थडग्यावरून पडले. नेपोलियनच्या इजिप्तच्या मोहिमेत जॉफ्रॉय सँतिलेर हा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्याने १८१८ मध्ये एका वटवाघळाला ‘टॅफोझस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘टॅफोस’ म्हणजे थडगे. याच कुळातले लांब पंखांचे वटवाघूळ आपल्याकडे नागपुरात आणि काशीतही आढळते.

आता गंमत पाहा. नागपूर आणि काशी ही दोन शहरे भोसल्यांच्या घाटाने जोडलेली आहेत, तशीच ती वटवाघळांच्या अभ्यासानेही जोडलेली आहेत. नागपुरात प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी १९४० च्या दशकापासून भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. या लांब पंखांच्या वटवाघळाला विणीचा ठरावीक हंगाम नाही, ते वर्षभर विते, हे त्यांनी १९५५ मध्ये दाखवले. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात याच जातीवर काम झाले. शिवाय तिथे इमारतींच्या फटींत राहणाऱ्या ‘स्कोटोफिलस हीथी’ या पिवळसर वटवाघळावरही काम झाले. त्याची तऱ्हा वेगळीच. मीलन जानेवारी-फेब्रुवारीत होते, पण मादीच्या शरीरात बीज लगेच सुटत नाही. ते मार्चमध्ये सुटते. तोपर्यंत नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात जिवंत राहतात. त्यामुळे पिले येतात ती उन्हाळा संपून पाऊस सुरू होताना, म्हणजे किड्यांची चंगळ असते तेव्हा.

याचा जुन्या वास्तूंशी काय संबंध? फार मोठा आहे. आज काशीत जुने वाडे दुरुस्त होत आहेत आणि ते व्हायलाच हवेत. दुरुस्तीचे पहिले काम म्हणजे फटी बुजवणे. पिवळ्या वटवाघळाची फट पावसाच्या तोंडाशी बुजवली, तर न उडणारी पिले आत अडकून मरतात. हिवाळ्यात त्या फटीत पिले नसतात. पण शेजारच्या खोलीत लांब पंखांचे वटवाघूळ असेल, तर त्याचे पिलू हिवाळ्यातही असू शकते. सगळ्यांना चालेल असा एकच महिना पंचांगात सापडणार नाही. आधी आत कोण राहते ते पाहावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वटवाघळांच्या विष्ठेतले क्षार दगडात मुरतात, डाग पडतात. आपल्या अजिंठ्यात चित्रांच्या नुकसानीला इतर कारणांबरोबर वटवाघळेही कारण ठरली. बंद खोलीतल्या सुक्या विष्ठेची धूळ श्वासात गेली तर फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, म्हणून साफसफाई तोंड-नाक झाकून, जागा ओली करूनच करावी. जिथे चित्रे, कोरीवकाम किंवा माणसांचा वावर आहे तिथून वटवाघळांना बाहेर काढावेच लागेल. प्रश्न फक्त पद्धतीचा आहे. संध्याकाळी ती कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते पाहायचे. पिले नाहीत याची खात्री करायची. मग तिथे अशी जाळी लावायची की बाहेर जाता येईल, पण परत आत येता येणार नाही. काही रात्रींनंतर फट बुजवायची. यात खर्च थोडा, धीर जास्त लागतो.

कायद्याची नजरही बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली.

अमरकोशात वटवाघळाला ‘अजिनपत्रा’ म्हटले आहे, म्हणजे चामड्याच्या पंखांची. तिथे ना शाप आहे ना अपशकुन, नुसते नीट पाहून ठेवलेले नाव आहे. काशीला गेलात आणि एखाद्या बंद वाड्याच्या खिडकीतून संध्याकाळी वटवाघळांची रांग निघताना दिसली, तर त्यांना दोष देऊ नका. त्या वाड्याची जबाबदारी कोणाकडे होती आणि कुलूप कधी लागले, ते विचारा.