आंतरराष्ट्रीय फुटबॉल : १९३०

पहिल्या विश्वचषक स्पर्धेचे वर्ष. ऑलिंपिकपासून स्वतंत्र असलेली जागतिक स्पर्धा भरवण्याचा निर्णय ‘फिफा’ने १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे घेतला आणि १९२९ च्या बार्सिलोना अधिवेशनात यजमानपद उरुग्वेला दिले. १९२४ व १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९३० मधील राज्यघटनेची शताब्दी या त्या देशाच्या जमेच्या बाजू होत्या.

सहभाग : पाहुण्या संघांच्या प्रवासाचा व निवासाचा खर्च उरुग्वेने उचलला. तरीही दीर्घ सागरी प्रवासामुळे यूरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रूमानिया व यूगोस्लाव्हिया हे चारच संघ आले. ‘काँते व्हेर्दे’ या बोटीत रूमानियाचा संघ जेनोआला, फ्रान्सचा व्हिलफ्रांशला आणि बेल्जियमचा बार्सिलोनाला चढला. ‘फिफा’चे अध्यक्ष झ्यूल रिमे करंडकासह याच बोटीत होते. वाटेत रिओ दे जानेरोला ब्राझीलचा संघ चढला आणि ४ जुलैला बोट माँटेव्हिडिओला लागली. यूगोस्लाव्हियाचा संघ वेगळ्या बोटीने आला. पात्रता फेरी नव्हती. एकूण १३ संघ निमंत्रणावरून खेळले. ब्रिटिश संघटना हौशी खेळाडूंच्या भरपाईच्या वादावरून १९२८ मध्येच ‘फिफा’तून बाहेर पडल्या होत्या.

स्पर्धा (१३–३० जुलै) : १८ सामने, ७० गोल. स्पर्धेतील पहिला गोल फ्रान्सच्या ल्यूसियाँ लोराँने मेक्सिकोविरुद्ध १९ व्या मिनिटाला केला. सेंतेनारियो हे मुख्य मैदान वेळेत पुरे न झाल्याने सुरुवातीचे सामने अन्य मैदानांवर झाले. १८ जुलैला सेंतेनारियोवर उरुग्वेने पेरूला १–० असे हरवले. पहिली हॅटट्रिक अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडची असल्याचे ‘फिफा’ने २००६ मध्ये मान्य केले. त्यापूर्वी तो मान अर्जेंटिनाच्या गिलेर्मो स्ताबिलेला दिला जाई. ८ गोल करणारा स्ताबिले हाच स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. उपांत्य फेरीत उरुग्वेने यूगोस्लाव्हियाला व अर्जेंटिनाने अमेरिकेला ६–१ अशा सारख्याच फरकाने नमवले. तिसऱ्या क्रमांकासाठी सामना झाला नाही.

अंतिम सामना (३० जुलै) : चेंडू कोणाचा वापरायचा यावर एकमत होईना. अखेर पूर्वार्धात अर्जेंटिनाचा व उत्तरार्धात उरुग्वेचा चेंडू वापरण्यात आला. पंच बेल्जियमचे जॉन लांगेनस होते. मध्यंतराला अर्जेंटिना २–१ असा पुढे होता. त्यानंतर सेआ, इरियार्ते आणि कास्त्रो यांच्या गोलांनी उरुग्वेने ४–२ असा विजय मिळवला. लहानपणी अपघातात एका हाताचा पुढचा भाग गमावलेल्या कास्त्रोने अखेरचा गोल केला. उरुग्वेचा कर्णधार होसे नासासी. प्रेक्षकसंख्येबाबत नोंदी जुळत नाहीत. ‘फिफा’च्या नोंदीत ती ६८,३४६ आहे.

यूरोप : इटलीने बूडापेस्टला हंगेरीस ५–० असे हरवून मध्य यूरोपीय चषक जिंकला (११ मे). इंग्लंडने बर्लिनला जर्मनीशी ३–३ व व्हिएन्नाला ऑस्ट्रियाशी ०–० अशी बरोबरी केली.

आशिया : टोकिओतील अतिपूर्व क्रीडास्पर्धेत जपान व चीन संयुक्त विजेते.

परिणाम : यूरोपीय संघांच्या अल्प सहभागाची नाराजी उरुग्वेत टिकून राहिली. १९३४ च्या इटलीतील स्पर्धेत उरुग्वे उतरला नाही. गतविजेत्याने विश्वचषकात भाग न घेतल्याचे हे एकमेव उदाहरण होय.