दिनविशेष : २५ सप्टेंबर, आंबिल ओढ्याच्या पुरातील बचावकार्य

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. कात्रजच्या डोंगरातून येणारा आणि पुढे मुठा नदीला मिळणारा आंबिल ओढा पात्र सोडून वस्त्यांत शिरला. अरण्येश्वर भागातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून जीवितहानी झाली. शहर-जिल्ह्यात वीसहून अधिक बळी गेले.

१२ जुलै १९६१ चा पानशेत धरणफुटीचा लोंढा दिवसाढवळ्या आला होता. आंबिल ओढ्याचे पाणी मात्र रात्री, झोपेच्या वेळी घरांत घुसले. अंधार, वाहून येणारी वाहने आणि चिंचोळ्या गल्ल्या यांमुळे पुणे महापालिकेच्या अग्निशमन दलाचे काम कमालीचे अवघड झाले. अशा पुरात दोर बांधून, छातीभर पाण्यातून माणूस हाताने ओढून आणावा लागतो. जवानांनी पाण्याने वेढलेल्या अनेक रहिवाशांना अशाच प्रयत्नांनी सुरक्षित स्थळी हलवले.

अग्निसेवेतील अशा शौर्याचा गौरव प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनानिमित्त जाहीर होणाऱ्या राष्ट्रपती पदकांनी होतो. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात मृत्यू पावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.