किडनी, मेडिकल बोर्ड आणि ‘नाना’चा शेरा

आजचा भाग कागदांचा आहे. पण कंटाळा करू नका, कारण याच कागदांवर कुणाकुणाचं डायलिसिस अवलंबून असतं.

समजा, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरचा एक पोरगा 1985 च्या सुमारास फौजेत गेला. भरतीच्या वेळी उंची, छाती, डोळे, लघवी, सगळं तपासलं. फिट निघाला. सात-आठ वर्षांनी पायांवर सूज आली, लघवीतून प्रथिनं जायला लागली. लष्करी दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या आणि शेवटी मेडिकल बोर्डानं सांगितलं, नेफ्रायटिस, नोकरीला अपात्र. ट्रंक उचलायची आणि गावाकडं यायचं. हा पोरगा माझ्या कल्पनेतला आहे, पण त्याची अडचण अगदी खरी आहे.

बोर्डाच्या कागदात एक प्रश्न असतो : आजार सेवेमुळे झाला का? आणि सेवेमुळे बळावला का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर इंग्रजी आद्याक्षरं जुळून शब्द होतो ‘नाना’. फौजेच्या बोलीत खरंच असं म्हणतात. तमाम भल्या नानांची माफी मागून सांगतो, हा नाना कागदावर बसला की डिसॅबिलिटी पेन्शन गेलीच म्हणून समजा.

आता जवानाला नेहमीची पेन्शन मिळायला 15 वर्षं सेवा लागते. आजारपणामुळे बाहेर पडलेल्याला इनव्हॅलिड पेन्शन असते, पण तिलाही 10 वर्षांची अट होती. सरकारनं ती 2020 मध्ये काढली, तीही 4 जानेवारी 2019 ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरती. म्हणजे आपल्या पोराच्या हातात एकरकमी ग्रॅच्युइटी आणि राम राम. 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएसची दवाखान्याची सोय आली, पण ती पेन्शनवाल्यांना. ज्याची किडनी गेली त्यालाच दवाखाना नाही, असा हा उलटा हिशेब.

हा ‘झाला की बळावला’ प्रश्न आला कुठून? पहिल्या महायुद्धातून. 1915 मध्ये फ्लँडर्सच्या खंदकांत सैनिकांचे चेहरे सुजायला लागले, दम लागायला लागला, लघवीत अल्ब्युमिन सापडायला लागलं. डॉक्टरांनी नाव दिलं ‘ट्रेंच नेफ्रायटिस’. थंडीमुळे, जंतूमुळे की विषामुळे, यावर भांडणं झाली. सुरुवातीला ब्रिटिश सरकार म्हणायचं, आजार थेट नोकरीतूनच आला पाहिजे. 1917 पर्यंत ‘आधीचा आजार नोकरीनं वाढला’ हेही मान्य करावं लागलं. तरी सिद्ध कुणी करायचं? तर सैनिकानं! दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, ते ओझं त्याच्या डोक्यावरून उतरवलं. पुढं लॉर्ड डेनिंग म्हणून गाजलेले न्यायाधीश 1940 च्या दशकात हीच पेन्शनची अपिलं ऐकत होते.

आपल्याकडच्या 1982 च्या नियमांत हीच भाषा उतरली. नियम 9 म्हणतो, दावेदाराला काही सिद्ध करायला लावू नका, वाजवी शंका असेल तर फायदा त्याला द्या. नियमांना जोडलेल्या यादीत हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांत नेफ्रायटिस, तीव्र आणि जुनाट दोन्ही, स्पष्ट लिहिलाय. मग अडलं कुठं?

अडलं नियम 14 मध्ये. तो म्हणतो, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं मानायचं. पण ‘भरतीच्या तपासणीत तो सापडणं शक्यच नव्हतं’ असं डॉक्टरांनी कारणांसह लिहिलं, तर मानायचं नाही. किडनीच्या बाबतीत ही पळवाट फार सोयीची. क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर जवळपास अर्धी किडनी कामातून गेलेली असते, दुखत तर काहीच नाही. म्हणजे ‘आधीपासून असेल, दिसला नसेल’ असं म्हणायला बोर्ड मोकळं. अहो, पण लघवी तपासली होती ना? प्रथिनं नव्हती ना? मग ती का नव्हती, याचं उत्तर बोर्डानं लिहायला नको?

नेमकं हेच सर्वोच्च न्यायालयानं पुढं विचारलं, पण फार उशिरा. आधी 1993 मध्ये मोहिंदर सिंग प्रकरणात कोर्टानं सांगितलं की मेडिकल बोर्डाचं मत अलाहाबादच्या पेन्शन कार्यालयानं, माणूस पुन्हा न तपासता, टेबलावर बसून बदलायचं नाही. (होय, तसं चालायचं.) 2007 ते 2009 च्या निकालांत पारडं पुन्हा बोर्डाकडं झुकलं. मग 2 जुलै 2013 ला धरमवीर सिंग निकाल आला. सिग्नल्सचा हा शिपाई फेफऱ्याच्या आजारानं 1994 मध्ये बाहेर काढला गेला होता. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी नोंद नाही, बोर्डानं कारण दिलं नाही, तर आजार सेवेतलाच. आजार फेफऱ्याचा, पण तर्क किडनीलाही तंतोतंत लागू. 2015 च्या राजबीर सिंग निकालानं तो पक्का केला. 2019 मध्ये नरसिंग यादव प्रकरणात मात्र कोर्टानं मानसिक आजाराच्या जवानाला नकार दिला, म्हणजे दार सताड उघडं आहे असं समजू नका.

आता सास्तूरकडं या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आसपास. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. जाड दगडी भिंतींची माळवदी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसं गेली. ढिगाऱ्यातून माणसं काढायला लष्कर आलं. ज्या घरातली माणसंच सापडत नव्हती, तिथं डिस्चार्ज बुक कोण शोधणार? दुसरी प्रत रेकॉर्ड ऑफिसात असते खरी. पण पेन्शन नसलेल्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात. पेन्शन नाकारली म्हणून कागद नष्ट, आणि कागद नाहीत म्हणून पेन्शन नाही! त्यात 2008 च्या नियमांनी आणखी एक पाचर मारली : डिस्चार्जनंतर 15 वर्षांनी दावा केला तर सिद्ध करायचं ओझं दावेदारावर.

2009 मध्ये सशस्त्र सेना न्यायाधिकरण सुरू झालं, महाराष्ट्रासाठी मुंबईचं पीठ. सास्तूरहून रात्रभराचा प्रवास. तिथं जिंकलेल्या जवानांविरुद्धही सरकार अपिलात जायचं. 2015 मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ही कोर्टबाजी कमी करायला तज्ज्ञ समिती नेमली. समितीनं अपिलांवर सडकून टीका केली. माझं मत विचाराल तर अपंग सैनिकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत ओढणं ही शरमेची गोष्ट आहे, मग सरकार कुणाचंही असो.

21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत. ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी. जुन्यांनी जुनेच नियम धरायचे. उशीर झालाय म्हणून गप्प बसू नका. 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो असं मानतात. फक्त थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पहिलं काम : रेकॉर्ड ऑफिसकडं बोर्डाच्या कागदांची प्रत मागा. धाराशिवच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. प्रत हातात आली की आधी ‘कारणे’ हा रकाना बघा. तो कोरा असेल, किंवा तिथं एकच ठोकळेबाज ओळ असेल, तर वकिलाला पहिलं तेच दाखवा.