नावातून गळलेला थकवा

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ओग्युस्तँ जाकोब लाँद्रे-बोव्हे नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. साल्पेत्रिएर हे त्या काळी नुसतं रुग्णालय नव्हतं. म्हाताऱ्या, निराधार, वेड्या ठरवलेल्या, शहराला नकोशा झालेल्या बायकांचं ते अवाढव्य कोंडघर होतं. तिथल्या काहींचे सांधे सुजून वाकडे झालेले त्याने पाहिले. सांधा सुजला की 'गाउट' हे निदान तेव्हा हाताशी तयार असे. पण गाउट म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्या पुरुषांचं दुखणं, अशी समजूत होती. या बायका गरीब होत्या. त्यांचं दुखणं अंगठ्यापुरतं नव्हतं. एकामागून एक सांधे धरले जात, आजार वर्षानुवर्षं रेंगाळे आणि सगळी तब्येतच उतरत जाई. १८०० साली सादर केलेल्या प्रबंधात लाँद्रे-बोव्हेने या आजाराला निराळं नाव दिलं: 'गूत आस्थेनिक प्रिमितीव्ह'.

आज आपण ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, त्याचं आधुनिक वैद्यकातलं पहिलं नीट वर्णन म्हणून या प्रबंधाचा उल्लेख होतो. तो आजार गेली अकरा वर्षं माझ्या अंगात आहे आणि माझा धंदा अनुवादाचा. त्यामुळे माझं लक्ष प्रबंधापेक्षा त्या तीन शब्दांकडे गेलं, त्यातही मधल्या शब्दाकडे. ग्रीक 'स्थेनोस' म्हणजे बळ. 'आस्थेनिक' म्हणजे बळ हरपलेलं. एडिंबरोच्या जॉन ब्राउनने १७८० साली छापलेल्या ग्रंथात सगळ्या रोगांची 'बळ वाढलेले' आणि 'बळ गेलेले' अशी विभागणी केली होती, आणि ती परिभाषा युरोपभर पसरली होती. तेव्हा हा शब्द काही लाँद्रे-बोव्हेच्या खास कळवळ्यातून आलेला नाही, काळाच्या बोलीतून आला आहे. तरी नाव मराठीत आणायला बसले तर 'मुळातला बलहीन गाउट' असं काहीतरी होईल. म्हणजे या आजाराच्या पहिल्यावहिल्या नावातच शक्तिपात होता. सूज होतीच, पण गळालेपण नावात होतं.

पुढे ते नावातून गेलं. लंडनच्या आल्फ्रेड बेरिंग गॅरडने १८५९च्या आपल्या ग्रंथात 'रुमेटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवलं. गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल साठतं, हे त्याने आधीच दाखवलं होतं. हा आजार त्याहून वेगळा, हे त्याला ठसवायचं होतं. नव्या नावात सांधा आहे, दाह आहे, बळाचा मागमूस नाही. अमेरिकन रुमॅटिझम असोसिएशनने १९४१ साली हेच नाव अधिकृत केलं.

यात कोणाचा डाव नव्हता. वैद्यक जे मोजता येईल त्याच्या मागे गेलं, आणि त्यात रुग्णांचा फायदाच झाला. १८९५ साली क्ष-किरण आले आणि हाडाची झीज दिसू लागली. फोरेउस आणि वेस्टरग्रेन या स्वीडिश डॉक्टरांच्या कामामुळे १९२०च्या सुमारास रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग मोजता येऊ लागला. आपण ज्याला 'ईएसआर' म्हणतो तो हाच. १९४० साली नॉर्वेच्या एरिक वालर यांना रक्तात 'रुमेटॉइड फॅक्टर' सापडला. थकवा मात्र ना फोटोत दिसत होता, ना नळीत बसत होता. तो रुग्णाच्या तोंडी राहिला, आणि कागदावर तोंडी गोष्टीला नेहमीच खालची जागा.

१९४८चा सप्टेंबर हा या इतिहासातला सगळ्यात नाट्यमय महिना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका २९ वर्षांच्या, आजाराने जखडलेल्या बाईला 'कंपाउंड ई' नावाच्या द्रव्याची इंजेक्शनं दिली. काही दिवसांत ती हिंडूफिरू लागली, गावात खरेदीला जाऊन आली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिझोन. १९५० साली हेंच, केंडाल आणि राइकश्टाइन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कॉर्टिझोनचे दुष्परिणाम दिसायलाही फार वेळ लागला नाही. मला त्या कथेत ती खरेदीची फेरी महत्त्वाची वाटते. बाईच्या दृष्टीने उपचाराचं माप हे होतं: बाजारात जाऊन येता आलं.

१९८१ साली अमेरिकन तज्ज्ञांनी रोग 'शमला' कधी म्हणायचं याचे सहा निकष ठरवले, आणि त्यांत चक्क 'थकवा नसणे' हा एक निकष होता. म्हणजे शब्द परत येऊ पाहत होता. पण १९९३ साली औषधांच्या चाचण्यांसाठी मोजण्याच्या सात गोष्टींची यादी ठरली, त्यात दुखरे सांधे, सुजलेले सांधे, वेदना, हालचालीची क्षमता, रक्तातला दाह, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं एकंदर मत, एवढं होतं, थकवा नव्हता. २०११च्या शमनाच्या व्याख्येतही तो नाही. त्यामुळे आज एखादी बाई व्याख्येप्रमाणे रोगमुक्तीच्या जवळ असते आणि दुपारी भांड्याला हात लावण्याइतकंही त्राण तिच्यात नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. माझा रिपोर्ट बघून एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "सगळं छान आहे, आता मनाने उभं राहा." त्यांच्या कागदावर मी खरंच छान होते.

हा कागद बदलला तो रुग्ण टेबलाशी येऊन बसले म्हणून. संधिवाताच्या चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणारा 'ओमेरॅक्ट' नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. त्याची पहिली परिषद १९९२ साली मास्ट्रिख्टला झाली. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या परिषदेत प्रथमच रुग्णांना सहभागी म्हणून बोलावलं गेलं. तुम्हांला काय महत्त्वाचं वाटतं, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तरांत थकवा ठळकपणे पुढे आला. चार वर्षांनी माल्टातल्या परिषदेत ठरलं की यापुढे या आजाराच्या अभ्यासात शक्य तिथे थकवाही मोजावा. ब्रिस्टलच्या सेरा ह्यूलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा, की हा थकवा माणसाला बुडवून टाकणारा असतो, त्याच्यावर ताबा चालत नाही आणि त्याची दखल घेतली जात नाही. पुढे याच गटाने थकव्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात शरीराचा थकवा, बुद्धीचा थकवा, भावनांचा थकवा आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम असे चार भाग आहेत. बुद्धीचा थकवा! वाक्याच्या मध्यावर क्रियापद हरवतं, ओळखीचा शब्द जिभेवर येऊन परत जातो, याला एक अधिकृत खाना आहे हे वाचलं त्या दिवशी मला औषधाइतकं बरं वाटलं.

अशी प्रश्नावली मराठीत आणायची झाली तर पहिल्याच शब्दाला अडखळायला होईल. आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही: थकवा, शीण, दमणूक, मरगळ, ग्लानी, गळाठा. पण यांतले पुष्कळसे कष्टाची पावती मागतात. शीण प्रवासाचा, दमणूक कामाची. न राबता आलेल्या थकव्याला भाषेत एकच दार उघडं राहतं, ते आळसाचं. मी राहते बंगळूरला आणि कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. फारसीतला 'सुस्त' इथे 'सुस्तु' होऊन आला आहे, आणि त्याचा अर्थ सरळ थकवा. शेजारच्या अक्का माझा चेहरा पाहून विचारतात, "तुंबा सुस्ता?" म्हणजे फार थकलीस का? त्यात माया असते. मराठी-हिंदी कानाला मात्र 'सुस्त' म्हणजे ढिला, कामचुकार. एकच शब्द, कृष्णेच्या अलीकडे ठपका आणि पलीकडे विचारपूस.

थोडं मागे गेलं तर संस्कृत वैद्यकात या अनुभवाला स्वतंत्र नाव सापडतं: 'क्लम'. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची व्याख्या आहे. त्याचा आशय असा, की काही आयास न करता देहात वाढत जाणारा श्रम, ज्यात धाप लागत नाही पण इंद्रियांना आपापली कामं करण्यात अडथळा येतो. आपण 'अनायास' हा शब्द सुखाच्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. सुश्रुताने तो थकव्याला लावला. बंगालीत 'क्लांत', 'क्लांती' हे त्याच धातूचे शब्द आजही घरात वापरतात. जादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना ते रोज कानावर पडत. मराठीत 'क्लांत' कवितेत उरला, 'क्लम' तर कोशातच. माधवकराने सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या निदानग्रंथात आमवाताचं प्रकरण आहे. त्यातल्या सामान्य लक्षणांच्या यादीत अंग मोडून येणं, अरुची, आलस्य, जडपणा, ताप असं सगळं सांगून अंगाची सूज शेवटी येते. पुढे रोग बळावल्यावर 'उत्साहहानी'ही सांगितली आहे.

यावरून आपल्याकडे सगळं आधीच होतं, असं मला म्हणायचं नाही. आमवात आणि रुमेटॉइड आर्थ्रायटिस यांची चौकट वेगळी, आणि मी ज्या गोळ्यांवर उभी आहे त्या माधवकराला ठाऊक नव्हत्या. मला दिसतं ते इतकंच: 'आलस्य' हा शब्द तिथे लक्षण म्हणून आला आहे, तापाच्या आणि जडपणाच्या पंगतीत बसलेला. तो दोष म्हणून आपल्या घरांत कधी शिरला, हे तारखेनिशी सांगता येणार नाही. पण माझ्या आजारात त्याची दोन्ही रूपं मी पाहिली आहेत. सणाला घरी गेले की मावशी लाडाने म्हणते, "तुझं बरं आहे बाई, पडून राहता येतं."

आजचं विज्ञान या पडून राहण्याचं काही कारण सांगू शकतं. १९८८ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी आजारी जनावरांच्या वागण्यावर निबंध लिहिला. ताप आलेलं जनावर कोपऱ्यात निजतं, खात नाही, कळपातून बाजूला होतं; हा नुसता अशक्तपणा नसून शक्ती राखून रोगाशी लढण्याची शरीराची रीत आहे, असं त्यांचं म्हणणं. दाहाच्या वेळी रोगप्रतिकारक पेशी जे संदेश सोडतात ते मेंदूपर्यंत जातात आणि मेंदू हुकूम देतो: निजून राहा. चार दिवसांच्या तापात हा हुकूम शहाणपणाचा. माझ्यासारख्यांच्या शरीरात लढाईच संपत नाही, म्हणून हुकूमही मागे घेतला जात नाही. पण एवढ्यानेही पुरतं उलगडत नाही. दाह आटोक्यात येऊनही थकवा उरतो, कारण त्यात वेदना असते, तुटलेली झोप असते, रक्तक्षय असतो, वापराविना अशक्त झालेले स्नायू असतात आणि खचलेलं मन असतं. एका गोळीने जाईल असा तो नाही.

मग करायचं काय? २००३ साली ल्युपस असलेल्या क्रिस्टीन मिझेरँडिनो यांनी मैत्रिणीला हे समजावण्यासाठी खानावळीतले बारा चमचे तिच्या हातात दिले: उठलीस, एक चमचा गेला, आंघोळ, आणखी एक. ही कल्पना जगभर चालली. मराठीत आणताना मात्र चमच्याला भलताच वास येतो. आपल्याकडे चमचे पुढाऱ्यांभोवती असतात. मी त्याऐवजी वाणसामानाचा विचार करते. महिनाअखेरीला डब्यात उरलेलं पीठ बघून बाई पोळ्या मोजते, तसा मी दिवस मोजते. बऱ्या दिवशी साठलेलं सगळं उरकून घ्यायचं आणि मग तीन दिवस आडवं व्हायचं, हा आमच्यातल्या बहुतेकांचा शिरस्ता. तोच मोडायचा असतो. थकल्यावर नव्हे, थकण्याआधी थांबायचं. चाळीस मिनिटं मजकूर, वीस मिनिटं पाठ टेकणं, गजर लावून. भाजी बसून चिरायची. आणि रोज थोडं चालायचं, कारण हा थकवा नुसत्या विश्रांतीने वाढतो. ब्रिटनमध्ये सात रुग्णालयांत अशाच गोष्टी गटाने शिकवून पाहिल्या; २०१९ साली आलेल्या निष्कर्षांप्रमाणे थकव्याचा जाच थोडा कमी झाला आणि तो फरक दोन वर्षं टिकला. थोडा. पण पीठ मोजणाऱ्याला एक पोळी म्हणजे थोडं नसतं.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट गजर लावणं नाही. तो वाजल्यावर, समोर माणसं बसलेली असताना, उठून आत जाणं ही आहे. त्यासाठी घरातल्यांकडे एक शब्द असावा लागतो, ज्यात तक्रार नाही आणि माफीही नाही. आमच्या घरी आम्ही कन्नड 'सुस्तु' घेतला आहे. "आईला सुस्तु झालाय," एवढंच माझी मुलगी दारात आलेल्याला सांगते, ताप आलाय म्हणावं तितक्या सहज. मग ती पाहुण्याला पाणी देते आणि मी आत जाऊन पडते.