बंद भांड्यातील ढवळणी

डिंडोलीतील आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगचे नाव निघाले आणि लाखो माणसे शहर सोडून गेली, ते दिवस येथील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. त्याच रोगाचा धागा धरून मी आज एका यंत्राचा इतिहास सांगणार आहे : चुंबकाने फिरणाऱ्या ढवळणीचा.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसा येथे जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्यांची रीत मोठी मनोवेधक होती. मांसरसाच्या चंबूत ते साजूक तूप टाकीत. तरंगत्या तुपाखाली जंतूंचे झुबके लोंबू लागत. चंबू हलवला की ते तळाशी जात आणि नवे वाढू लागत. ढवळायचे, पण आत काही घालायचे नाही! आपल्या घरची रवी तेथे निरुपयोगीच ठरली असती.

भांडे उघडताना काय ओढवते, हे पंजाबातील मुल्कोवाल गावी दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथे एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, असे साक्षीत आले होते. तरीही ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना निलंबन सोसावे लागले आणि ते निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. हा अन्याय मला आजही बोचतो.

कारखान्यातील शेकडो लिटरची टाकी चंबूसारखी हलवता येत नाही. तिच्यात फिरता दांडा घालावा लागतो. दांडा आत शिरतो तेथील सील झिजते आणि जंतूला वाट मिळते. यावर तोडगा म्हणून भिंतीतून जाणारा दांडाच काढून टाकण्यात आला. पात्यात एक चुंबक, बाहेर मोटारीवर दुसरा, मध्ये अखंड भिंत. ती चुंबकाला न चिकटणाऱ्या पोलादाची असल्याने ओढ आरपार पोहोचते. प्रयोगशाळेतील अशा ढवळणीचे अमेरिकन पेटंट १९४४ साली आर्थर रोझिंगर यांना मिळाले.

उणिवाही आहेत. द्रव फार दाट झाला की चुंबकांची पकड सुटते. पात्याखालचे बेअरिंग झिजले तर त्याचे कण औषधातच मिसळतील. म्हणून ते कठीण सिरॅमिकचे करतात. मात्र टाकी न उघडता धुता येते, आणि मग १२१ अंश सेल्सिअसची वाफ आत सोडून ती निर्जंतुक करतात.